बोरसे मास्तरांची चौकशी

अनुभवी माणसाला नोकरी बदलायची असेल तर सगळ्यात आधी लागतं ते गुपित. शिक्षण, प्रमाणपत्रं, शिफारसी या गोष्टी नवशिक्या पोरांसाठी. पोरगं चार मित्रांना विचारून, गल्लीभर सांगून, देवाला नारळ बोलून अर्ज करू शकतं. नोकरी नाही लागली तर लोक निदान हळहळतात. पण सतरा वर्षं एकाच मिलमध्ये काढलेल्या माणसाने ‘दुसरीकडे बघतोय’ एवढं म्हटलं, की दुसरी मिळायच्या आत त्याची पहिली जागा जाते. त्यातून ही सुरत. इथले मिलवाले शेठ दिवसभर धंद्यात एकमेकांचे गळे धरतात आणि संध्याकाळी एकाच गाडीवर उभे राहून लोचो खातात. सकाळी सचिन गावच्या मिलमध्ये दिलेल्या अर्जाची बातमी दिवेलागणीच्या आत उधन्याच्या मिलमध्ये पोचलेली असते.

कोसाडच्या हाउसिंग कॉलनीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या गजेंद्र बोरसे मास्तरांना हे चांगलं ठाऊक होतं. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. मिलमध्ये कापडावर कुठला रंग किती चढवायचा हे ज्याच्या शब्दावर ठरतं तो डाइंग मास्टर, आणि कॉलनीतल्या खानदेशी मंडळींनी त्याचं मास्तर करून टाकलं होतं. उधन्याच्या मिलमध्ये त्यांनी सतरा वर्षं रंगांवर राज्य केलं. डोळ्यासमोर नमुन्याची चिंधी धरायची, डोळे बारीक करायचे आणि रंगाचा हिशेब सांगायचा. रंगवलेल्या कापडाचा लॉट निघाला की तो बरोबरच असायचा, कारण तो मास्तरांनी काढलेला असायचा.

एक दिवस शेठच्या भाच्याने परदेशातून रंग जुळवणारा कॉम्प्युटर आणला. मशिनला गारवा लागतो म्हणून मास्तरांच्या केबिनला एसी बसवला, आणि एसी बसवल्यावर मास्तरांचं टेबल बाहेर काढून पाण्याच्या माठाशेजारी ठेवलं. सतरा वर्षं मास्तर त्याच केबिनमध्ये वैशाखात घामाने निथळत बसले होते, तेव्हा एसीचा विषय कोणी काढला नव्हता. आता पाणी प्यायला येणारा प्रत्येक कामगार त्यांच्या टेबलावर पेला ठेवू लागला. तिसऱ्या दिवशी त्यांच्या वहीवर पेल्याचं गोल वर्तुळ उमटलेलं दिसलं आणि त्याच क्षणी मास्तरांनी ठरवलं की झालं तेवढं पुरे.

सचिनच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका मिलला अनुभवी मास्टर हवा होता. मास्तरांनी हे फक्त बायकोला, रंजनाला सांगितलं. हर्षदालाही नाही. हर्षदा त्यांची एकुलती एक मुलगी, रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली, आणि वर्षभर तिच्यासाठी स्थळं पाहणं चालू होतं. रंजनाबाईंची एरवीची ख्याती अशी, की त्यांना सांगितलेली गोष्ट तळमजल्यापर्यंत जायला जिन्याचीही गरज पडत नसे. पण मास्तरांनी या वेळी देवाची शपथ घातली आणि बाईंनी ती अक्षरशः पाळली. लग्नाच्या पंचवीस वर्षांत त्यांनी हे एकच गुपित राखलं, आणि नेमकं तेच नडलं.

अर्जाच्या छापील कागदावर शेवटी एक रकाना होता: ‘आपणांस चांगले ओळखणाऱ्या दोन प्रतिष्ठित व्यक्ती’. इथे मास्तर अडले. त्यांना चांगलं ओळखणारे सगळे लोक उधन्याच्या मिलमध्ये होते, आणि त्यांची नावं देणं म्हणजे अर्ज थेट शेठच्या टेबलावर नेऊन ठेवणं. बराच विचार करून त्यांनी कॉलनीतली दोन नावं लिहिली. एक तळमजल्यावरच्या उषाबाई, कारण त्यांचे यजमान बँकेत होते आणि घरात टेलिफोन होता. दुसरे जिन्याच्या तोंडाशी खाटेवर बसणारे धुडकूआप्पा. ते चाळीस वर्षं लूम चालवून घरी बसलेले, एवढं वय म्हणजे प्रतिष्ठा आलीच. तुमची नावं दिली आहेत असं या दोघांना सांगायला हवं, हे मास्तरांच्या मनात आलं होतं. पण सांगितलं की का ते सांगावं लागणार, आणि का ते सांगितलं की गुपित संपलं. म्हणून त्यांनी सांगितलं नाही.

मुलाखतीसाठी रजा काढायची तर कारण हवं. मागच्या रजेला मावशी वारली होती, तीच पुन्हा मारणं बरं दिसेना. मास्तरांनी पोटात मुतखड्याची कळ येते असं कळवलं. दुसऱ्या दिवशी कामावर गेले तर जुने शेठ पानफुटीच्या रसाची बाटली घेऊन उभे. शेठला औषधांचा भारी नाद, आणि पथरी हा तर त्यांचा खास विषय. मास्तरांनी पूर्ण पेला रिकामा करेपर्यंत ते समोरून हलले नाहीत. पुढे आठवडाभर रोज सकाळी हा कार्यक्रम चालला. मास्तरांच्या पोटात त्याआधी काही नव्हतं, पण आठव्या दिवशी खरोखरच दुखायला लागलं.

सचिनची मुलाखत ही मुलाखत नव्हतीच. मास्तरांनी आरशासमोर उभं राहून ‘जुनी जागा का सोडता?’ याचं उत्तर तीन प्रकारांनी पाठ केलं होतं. तिथल्या शेठने ते विचारलंच नाही. त्यांनी मास्तरांचे हात उलटसुलट पाहिले, नखांच्या कडेला मुरलेला निळा रंग पाहिला आणि राणी रंगाची एक चिंधी पुढे करून म्हणाले, हा लॉट काढून दाखवा. अनुभवी माणसाची परीक्षा सुरतेत अशी होते. कागद कोण वाचतो. मास्तर दिवसभर मशिनपाशी उभे राहिले आणि संध्याकाळी लॉट बाहेर आला तो डोळ्यांना थंडावा देईल असा. शेठने मान डोलावली. बाकीचं त्यांचे मुनीम नटुभाई सांगतील म्हणाले.

नटुभाईंनी सांगितलं ते असं. आधी जुन्या मिलमधून राजीनामा मंजूर झाल्याचा कागद आणायचा. मग नटुभाई स्वतः चौकशी करतील. चौकशी ठीक निघाली की नेमणुकीचं पत्र. मास्तर म्हणाले, आधी पत्र द्या, मग राजीनामा देतो. नटुभाईंनी दोन्ही हात जोडले. आजवर पाच मास्टर पत्र घेऊन गेले होते, त्यांनी ते आपापल्या शेठला दाखवून पगार वाढवून घेतला आणि सचिनला तोंडही दाखवलं नाही. तेव्हा आता घर जाळून आल्याशिवाय नवीन घराची किल्ली मिळत नाही, असा या मिलचा नियम झाला होता.

मास्तरांनी राजीनामा दिला तो मात्र थाटात. जुने शेठ थांबवणार, विनवणार, आपण दोनदा नाही म्हणणार, तिसऱ्यांदा खिडकीबाहेर बघत उसासा टाकणार, असं सगळं त्यांनी ठरवलं होतं. केबिन परत देतो म्हणाले तर काय करायचं यावरही रंजनाबाईंशी चर्चा झाली होती. शेठने कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, “सारुं.”

सतरा वर्षांचा निकाल ‘बरं’ एवढ्या एका शब्दात लागला. मास्तर उभेच राहिले; पुढे काही येईल म्हणून वाट पाहिली. पुढे आलं ते एवढंच, की महिन्याची मुदत पूर्ण करा आणि पथरीचं औषध सोडू नका. मंजुरीचा कागद चहा निवायच्या आत टाइप होऊन आला. माणसाची आपल्या जागेबद्दल जी समजूत असते ती जागेच्या मालकाला विचारू नये, हे त्यांना त्या दिवशी कळलं. ते रोज डबा घेऊन निघायचे तसेच महिनाभर निघत राहिले, त्यामुळे कॉलनीत कोणाला पत्ता लागला नाही. आता सगळा भार त्या चौकशीवर होता. ती नीट झाली तर सचिन. नाही तर महिन्याच्या शेवटी सत्तेचाळीस वर्षांचे मास्तर, हातात डबा आणि जायला कुठे नाही.

आणि एका गुरुवारी दुपारी नटुभाई कोसाडला आले.

मास्तर मिलमध्ये होते. रंजनाबाई नात्यातल्या बारशाला गेल्या होत्या. नटुभाई आधी धुडकूआप्पांच्या खाटेपाशी थांबले आणि हलक्या आवाजात म्हणाले की बोरसेभाईंबद्दल थोडी पूछपरछ करायची आहे, आमच्या शेठने पाठवलंय, पण वात खानगी आहे. चौकशी खाजगी ठेवण्याचं कारण त्यांच्या बाजूने रास्त होतं. जुन्या मिलमध्ये गवगवा नको. पण वयात आलेली मुलगी ज्या घरात आहे त्या घराची खाजगी चौकशी कशासाठी होते, हे कॉलनीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. वर्षभरात तसले पाहुणे सहा वेळा येऊन गेले होते. सगळ्यांना आता सराव झाला होता. कोणी काय बोलायचं हेही ठरून गेलं होतं. हा गुजराती कसा, एवढी एकच शंका निघाली. उषाबाईंनी तिचा निकाल लावला: मुलगा या शेठकडे मोठ्या हुद्द्यावर असणार, आईबाप लांब जळगावकडे असणार, म्हणून शेठने आपला माणूस पाठवला. इतकं सरळ होतं.

संध्याकाळी मास्तर परतले तेव्हा जिन्याच्या तोंडाशी आठ-दहा माणसं हसत उभी होती. उषाबाईंनी सांगितलं की सचिनहून माणूस येऊन गेला आणि फार खूश होऊन गेला. मास्तरांना वाटलं गुपित फुटलं, पण फुटलं ते चांगल्यासाठी फुटलं. त्यांच्या छातीवरचं ओझं उतरलं. काय काय विचारलं, असं त्यांनी शक्य तितक्या बेफिकिरीने विचारलं.

“त्यानी माले विचारं, भाऊना सभाव कसा शे?” धुडकूआप्पा अभिमानाने सांगू लागले. “मी सांगं, गाय शे, गाय. सतरा वरीसमा त्याना आवाज जिन्याखाल उना नही. कोणी दोन शब्द जास्त बोलं तरी खाल मान घालीसन निंघी जास. त्यानी लगेच वहीमा लिखी लिन्हं.”

मास्तरांच्या चेहऱ्यावरचं हसू तिथेच थांबलं. चाळीस कामगारांवर ज्याने ओरडायचं त्या मास्टरचा स्वभाव गाईचा? आप्पांची मात्र कळी खुलली होती. मुलीचा बाप भांडखोर नाही, उद्या मानापानावरून अडून बसणार नाही, ही त्यांच्या हिशेबात पहिल्या नंबरची गोष्ट होती.

मग उषाबाईंनी धागा उचलला. काम कसं करतात असं विचारल्यावर त्यांनी सांगितलं होतं, काम कसलं करतात, मोठे साहेब आहेत ते, हात लावत नाहीत कशाला. सगळं हाताखालची माणसं करतात, हे नुसते खुर्चीवर बसून असतात. रंगाच्या मिलमध्ये असून शर्टावर कधी डाग बघितलाय का? आणि पुढे काय विचार आहे, असं विचारल्यावर म्हणाल्या होत्या, आता कसला विचार, एवढी एक जबाबदारी राहिली आहे, ती पार पडली की मास्तर शिंदखेड्याला गावी जाऊन निवांत बसणार. सुरतेत आता थोडे दिवसांचे पाहुणे.

मास्तर जिन्याच्या पायरीवर बसले. “कोणती जबाबदारी?” एवढंच त्यांनी कसंबसं विचारलं.

“हर्षदाचं लग्न, दुसरी कोणती?” उषाबाई म्हणाल्या.

तेव्हा कुठे मास्तरांना काय झालं आहे ते समजलं, आणि समजल्यावर तर बोलायचीच सोय राहिली नाही. खरं सांगावं तर राजीनाम्याचं सांगावं लागणार. राजीनाम्याचं सांगितलं की बिनानोकरीच्या बापाची मुलगी म्हणून उद्यापासून खरी स्थळंही बंद. लोक त्यांच्या पडलेल्या चेहऱ्याकडे बघून एकमेकांना खुणावू लागले. बापाचं काळीज, म्हणाले, लेक जाणार म्हणून भरून आलं.

पण उषाबाईंची खरी कामगिरी पुढेच होती. बापाची बाजू भक्कम झाल्यावर त्यांनी मुलीकडे मोर्चा वळवला होता. हर्षदा पहिल्या वर्गात बी.एस्सी. आहे हे सांगून झालं, स्वयंपाक सांगून झाला, आणि मग त्यांनी ब्लाउज पीसची गोष्ट काढली. कॉलनीतल्या बायका मॅचिंग आणायला जाताना साडी बरोबर नेत नसत, हर्षदाला नेत. साडी एकदा बघितली की महिन्याने दुकानात शंभर तागे पसरले तरी ती बरोबर तोच रंग उचलायची. हे ऐकून पाहुण्याने चहाची बशी खाली ठेवली, म्हणे, आणि मुलीला बोलवा म्हणाला. हर्षदा शेव-मुरमुऱ्यांची ताटली घेऊन आली. त्याने पिशवीतून दोन चिंध्या काढल्या आणि विचारलं, यात फरक काय? दोन्ही एकाच पोपटी रंगाच्या, सगळ्यांनी हातात घेऊन पाहिल्या, काही फरक नव्हता. हर्षदा दारापाशी उजेडात गेली, परत आली आणि म्हणाली की या दोन एकाच लॉटच्या नाहीत, ही जरा पिवळ्यावर गेली आहे.

“आजवर चालून दाखव म्हणणारे पाहिले, सुईत दोरा ओव म्हणणारे पाहिले,” उषाबाई म्हणाल्या, “चिंध्या दाखवणारा हा पहिलाच. पण पसंत पडली बरं का. वहीचं अख्खं पान भरलं त्याने तिच्यावर.”

त्या रात्री मास्तर जेवले नाहीत. रंजनाबाईंना सगळं सांगितल्यावर त्याही सुन्न झाल्या, पण त्यांचा मुद्दा वेगळा होता. आपण मेलं एकदाच तोंड मिटून घेतलं, त्याचं हे फळ, आता यापुढे कोणी शपथ घालू नये. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी अमरोलीच्या पीसीओतून सचिनला फोन लावला. नटुभाई नव्हते. जे काही असेल ते पोस्टाने कळेल असं पलीकडून सांगण्यात आलं. उषाबाईंच्या घरून फोन करण्यात अर्थ नव्हता; तिथे फोनवर बोलणारा एक आणि ऐकणारे पाच असत. मग नुसती पोस्टमनची वाट पाहणं उरलं. इकडे कॉलनीने लग्नाची तयारी मनावर घेतली. हॉल वरच्या रस्त्याचा घ्या, आचारी नंदुरबारचा बोलवा, हिंडालियमची भांडी आत्ताच घेऊन ठेवा म्हणजे घाई होत नाही, असा सल्ला मास्तरांना जाता-येता मिळू लागला. माणूस बुडत असताना काठावरून लोक त्याच्यावर अक्षता टाकत होते.

मुदत संपायला पाच दिवस असताना रजिस्टर पाकीट आलं. पाकिटावर ‘बोरसे, कोसाड’ आणि कोपऱ्यात सचिनच्या मिलचा शिक्का. मास्तरांनी सही केली, दार लावून घेतलं, देवापुढे दिवा लावायला सांगितला आणि पाकीट फोडलं. आत नेमणुकीचंच पत्र होतं. प्रयोगशाळेत रंग जुळवण्याच्या कामावर, येत्या एक तारखेपासून, कुमारी हर्षदा गजेंद्र बोरसे.

मास्तरांनी कागद उलटा करून पाहिला. मागे काही नव्हतं. पाकीट झटकून पाहिलं, दुसरा कागद पडला नाही. टाइप करणाऱ्याची चूक असेल म्हणून पुन्हा वाचलं, तर ‘कुमारी’ हा शब्द चुकून टाइप होण्यासारखा नव्हता. हर्षदाने पत्र वाचलं आणि ती खाली बसली. तिने कुठे अर्जच केला नव्हता. सतरा वर्षांच्या अनुभवाने अर्ज केला, हात दाखवले, लॉट काढला, राजीनामा दिला, पानफुटीचा रस प्यायला. आणि शेव-मुरमुरे घेऊन आलेल्या मुलीला नोकरी लागली. मास्तर म्हणाले की हा अपमान आहे, मुलगी मिलमध्ये जाणार नाही.

“जाऊ द्या तिला,” रंजनाबाई शांतपणे म्हणाल्या. “घरात कोणाला तरी नोकरी असलेली बरी.”

हा धक्का पत्राहून मोठा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर दोन बस बदलून सचिनला पोचले आणि नटुभाईंच्या टेबलावर पत्र आपटलं. नटुभाईंनी वही काढून पान उघडलं. मास्तरांबद्दल तिथे पाच ओळी होत्या आणि त्या त्यांनी जरा संकोचानेच वाचून दाखवल्या: स्वभाव अति शांत, माणसांवर धाक नाही. स्वतःच्या हाताने काम करत नाही. खुर्चीवर बसतो. राजीनामा दिला तो निवृत्त होण्यासाठी. थोड्या दिवसांत गावी जाणार. याला घेऊन मिलने काय करायचं, असं त्यांचं म्हणणं. आणि शेजारी सांगतात ते खोटं कसं मानायचं? नावं तर तुम्हीच दिली होती.

तेव्हा मास्तरांच्या तोंडून जे निघालं ते सतरा वर्षं साठलेलं असावं. पाण्याचा माठ, टेबलावरचे पेले, ‘सारुं’, वरच्या रस्त्याचा हॉल, नंदुरबारचा आचारी, सगळं एका दमात आणि अशा आवाजात की बाहेर मशिनवरची माणसं काम सोडून दाराशी आली. गाय कोणाला म्हणता, असं त्यांनी विचारलं. शेजाऱ्यांना वाटलं तुम्ही मुलीचं स्थळ घेऊन आलात, हेही ओरडूनच सांगितलं. मध्ये नटुभाई दोनदा म्हणाले की शांतपणे बोला, आणि दोन्ही वेळा स्वतःच वहीतल्या पहिल्या ओळीकडे पाहून गप्प झाले.

आतल्या दारातून शेठ बाहेर आले. सगळं ऐकून घेतलं, नटुभाईंकडून पुन्हा एकदा समजून घेतलं, आणि मग त्यांना जे हसू आलं ते ठसका लागून पाणी मागवेपर्यंत थांबलं नाही. डोळे पुसत ते म्हणाले, “मास्टर, आटलो अवाज हतो तो पहेलां केम न काढ्यो?”

आधी काढायला तो आहे हे माहीत तर हवं. एवढा आवाज आपल्यात आहे हे त्यांना स्वतःलाच आत्ता कळत होतं. शेठने तिथल्या तिथे नटुभाईंना दुसरं पत्र टाइप करायला सांगितलं. मात्र मुलीचं पत्र रद्द होणार नाही म्हणाले. पोपटी रंगाच्या त्या दोन चिंध्यांपायी एका व्यापाऱ्याने त्यांच्या साड्यांचा अख्खा लॉट परत पाठवला होता, आणि फरक कुठे आहे हे मिलमधल्या कोणालाच सापडलं नव्हतं. एक अटही त्यांनी सांगितली. लॅबची सही असल्याशिवाय कोणाचाही माल खात्याबाहेर जाणार नाही, मग तो मास्टरचा का असेना. मास्तर नोकरीच्या आनंदात होते. ते हो म्हणाले आणि काय कबूल केलं ते त्यांच्या पुढच्या आठवड्यापर्यंत लक्षात आलं नाही.

कॉलनीला अखेर सगळं सांगावं लागलं. लग्न नाही हे ऐकून धुडकूआप्पा दोन दिवस रागावून बसले. उषाबाईंनी मात्र बाप-लेक दोघांनाही आपणच नोकरीला लावलं असं सांगायला सुरुवात केली, आणि खरं पाहता त्यांना खोडून काढणं अवघड होतं. एक तारखेला मास्तर आणि हर्षदा दोघं दोन डबे घेऊन सचिनच्या बसमध्ये चढले. रस्त्यात मास्तरांनी तिला मिलमध्ये कसं वागायचं ते समजावलं. वरिष्ठांचा मान ठेवायचा. अनुभवी माणसासमोर आपली अक्कल पाजळायची नाही. ती मान डोलावत होती.

तिसऱ्या दिवशी मास्तरांचा पहिला मोठा लॉट निघाला, मरून रंगाचा. मास्तरांनी डोळे बारीक करून पाहिला आणि बरोबर आहे म्हणाले. तुकडा लॅबमध्ये गेला आणि पाऊण तासाने त्याला टाचलेली चिठ्ठी परत आली: ‘शेड नापास. लाल कमी. पुन्हा रंगवावे. ह. ग. बोरसे.’

मास्तरांनी चिठ्ठी वाचली तेव्हा भोवती चाळीस माणसं उभी होती. सतरा वर्षांत त्यांचा एकही लॉट नापास झाला नव्हता. ते चिठ्ठी मुठीत घेऊन लॅबमध्ये गेले आणि त्यांनी आवाज चढवला. हर्षदा पांढरा कोट घालून बाटल्यांमागे उभी होती. ती घाबरली होती, तरी तिने मूळ नमुन्याची चिंधी पुढे केली.

“मास्तर,” ती म्हणाली, पप्पा नाही म्हणाली, “उजेडात बघा.”

ते तुकडा घेऊन तणतणत अंगणात आले. मूळ नमुना एका हातात, आपला तुकडा दुसऱ्या हातात, दोन्ही उन्हात धरले. लाल कमी होता. थोडाच, पण होता. ती म्हणत होती तेवढाच कमी होता. मग दुसरी गोष्ट त्यांच्या लक्षात आली, आणि ती या सगळ्या महिन्यातली सर्वात भयंकर होती. सतरा वर्षांत त्यांचा एकही लॉट नापास झाला नव्हता, कारण सतरा वर्षांत तो कोणी तपासलाच नव्हता.

मास्तरांना लाज वाटली. इतकी की क्षणभर गेटातून सरळ बाहेर निघून जावं असं वाटलं. पण लाजेच्या मागोमाग दुसरंच काहीतरी वर येऊ लागलं, आणि ते काय आहे हे कळल्यावर त्यांनी रुमालाने चेहरा पुसायचं निमित्त करून तोंड झाकलं. ही नजर तिला कोणी शिकवली नव्हती. घरात त्यांच्यासमोर बसून ती वाढली आणि त्यांनी ती कधी पाहिली नाही. पाहायला सचिनहून एक मुनीम पिशवीत चिंध्या घेऊन यावा लागला.

ते खात्यात परत आले. माणसं वाट पाहत होती, कारण मास्टर आता लॅबवालीला काय बोलतो यावर पुढचे सगळे दिवस ठरणार होते. मास्तरांनी घसा साफ केला.

“लॉट परत मशिनात घ्या,” ते पार शेवटच्या माणसापर्यंत ऐकू जाईल असं ओरडले. “माझ्या पोरीने नापास केलाय.”

मशिनवाल्याने तोंड फिरवून हसू दाबलं आणि झाकण उघडलं.